रिकाम्या डब्याची ओवाळणी

पश्या, तुझं तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि तोवर मी रडले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, तू वाट बघत बसला असशील म्हणून. मनीषा रडली, ती तर तुझी बायकोच, तुझ्या बिल्डिंगचा वॉचमन रडला, ज्याची गाडी अर्धवट उघडून ठेवून तू गेलास ते गिऱ्हाईकसुद्धा डोळे पुसत होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून दूध पुरेल का ते बघत होते. चुलतमामी म्हणाल्या, थोरली बहीण आहे, दगड ठेवलाय काळजावर. दगडबिगड काही नव्हता, मामींना काय सांगणार. आत नुसतं सुन्न होतं.

सकाळी गॅरेजचं शटर वर करायला वाकलास आणि तिथेच पायरीवर बसलास, असं तुझा पार्टनर हरेश सांगतो. तो शेजारी पाणी आणायला गेला, परत आला तेव्हा तू भिंतीला टेकलेला होतास. डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्यांना विचारलं, फुप्फुसं कशी होती हो त्याची? ते म्हणाले, मॅडम, फुप्फुसांचा काही संबंध नाही. मी पुन्हा तेच विचारलं. मला धुराचं नाव ऐकायचं होतं, म्हणजे कुणावर तरी चिडता आलं असतं. डॉक्टरांनी पुन्हा हृदयच सांगितलं.

मग मी कामावर गेले. आनंदनगरच्या आमच्या कंपनीत माझं काम तुला माहीतच आहे. तू ते सगळ्यांना मोठ्याने सांगायचास, 'आमची ताई धूर मोजते.' पर्यावरण अधिकारी म्हणायला तुझी जीभ वळायची नाही. त्या दिवशीही मी चिमणीचे आकडे बघितले, सह्या केल्या, डबा खाल्ला. कुणीतरी सुटी का नाही घेतली म्हणून विचारलं. घरी बसून काय करू, असं म्हटलं. ते खरंही होतं.

त्याच आठवड्यात मनीषाने मला विठ्ठलवाडीला बोलावलं आणि तुझ्या गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. 'ताई, तुम्ही न्या. इथे खाली उभी राहून बॅटरी मरेल. आणि मला ती खिडकीतून दिसते,' ती म्हणाली. मी नाही म्हटलं नाही. त्या पांढऱ्या गाडीला मी किती वर्षं शिव्या घातल्या असतील, आणि आता ती माझ्याच गळ्यात पडली.

आपलं भांडण असल्या गाड्यांवरूनच सुरू झालं होतं. तू उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात हरेशबरोबर गॅरेज टाकलंस, तोपर्यंत मला कौतुक होतं. एकदा दुपारी मी तिथे आले तेव्हा भिंतीवर खुंट्यांना लोखंडी डबे टांगलेले दिसले, मडक्याएवढे, प्रत्येकावर खडूने एकेकाचं नाव. मी विचारलं, हे काय रे? तू म्हणालास, 'लग्नातले कोट.' मला आधी कळलंच नाही. मग तू खुलासा केलास. इंजिनाचा विषारी धूर ज्याच्यातून गाळून बाहेर पडतो तो हा डबा, कॅट. आत बारीक जाळी असते, तिच्यामुळे गाडीचा श्वास अडतो, म्हणून पोरं तो काढून सरळ पाईप लावून घेतात. त्याच्या जोडीला तू गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंगही बदलून द्यायचास. गाडी मग सुसाट. आणि पीयूसी संपायला आली की गिऱ्हाईक यायचं, खुंटीवरचा कोट उतरवायचा, एक दिवस गाडीला घालायचा, पास झालं की परत खुंटीवर. 'लग्नापुरता कोट कोण घालत नाही, ताई?' तू म्हणालास आणि हरेश खो खो हसला.

मला हसू आलं नाही. मी तिथे उभी राहून तुला भाषण दिलं. कायदा, हवा, लहान मुलांचा दमा, सगळं सांगितलं. तू पान्ह्याने टायर ठोकत ऐकून घेतलंस आणि म्हणालास, 'तुमच्या कंपनीत तपासणीला साहेब येतात तेव्हा काय होतं? आदल्या दिवशी झाडांच्या कुंड्या धुतात. त्या दिवशी तुमची चिमणीसुद्धा दात घासते.'

'आमचा धूर धुणारा स्क्रबर बारा महिने चालतो,' मी म्हटलं.

'मग संध्याकाळी बदलापूरला वास कुणाचा येतो? माझ्या गाडीचा?'

'आमचा नाही येत.'

'हां. सगळ्या कंपन्यांतल्या सगळ्या ताया हेच सांगतात.'

पश्या, खरं सांगते. आमचा स्क्रबर चालतो हे मी शपथेवर सांगीन. पण वास येतो, हेही माझं नाक मला सांगतं. तू असतास तर या रविवारी पुन्हा हाच विषय निघाला असता आणि वरणभात गार झाला असता.

तुझी स्वतःची गाडी मात्र त्या पोरांच्या गाड्यांसारखी नव्हती. तिच्यावर तुझा जीव होता. तिचं सेटिंग तू असं काही बसवलं होतंस की जागेवर उभी असताना ती गरीब गाय, आणि पाय दाबला की उधळलेला बैल. पीयूसीला गाडी जागेवरच उभी करून तपासतात, म्हणून तिला कोटाचीसुद्धा गरज पडायची नाही. 'उभ्या गाडीचं सोवळं मी सांभाळतो, पळत्या गाडीचं कोण बघतं?' हे तुझं आवडतं वाक्य होतं. मी म्हणायचे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण मी तुला इतक्या वेळा ऐकवली आहे की आता ती आठवली तरी जीभ चावते.

मग ती भाऊबीज आली. मागच्या वर्षीची. तू माझ्याकडे अंबरनाथला आला होतास, पाटावर बसला होतास आणि खोकत होतास. तुला तो खोकला गणपतीपासून होता. अर्धं शटर ओढून आत इंजिनं चालू ठेवायची तुझी सवय मला माहीत होती. मी ताट घेऊन उभी होते. तू म्हणालास, 'बोल, काय पाहिजे? साडी की पाकीट?'

मी म्हटलं, 'तुझ्या गाडीचा कॅट परत बसव. हीच ओवाळणी.'

तू हसलास. मी ओवाळायला सुरुवातच केली नाही. ताट हातात, निरांजन पेटलेलं, आणि मी तशीच उभी.

'ताई, हात दुखेल तुझा.'

'दुखू दे.'

'अगं, तेल सांडेल.'

'सांडू दे. आधी हो म्हण.'

मनीषा मागून म्हणाली, 'म्हणा हो एकदाचं, मला भूक लागलीय.' आणि तू मान खाली घालून म्हणालास, 'बरं बाई, बसवतो.' तेव्हा मी ओवाळलं.

पुढच्या रविवारी तू मुद्दाम आलास. खालून फोन केलास, ये पार्किंगमध्ये. जमिनीवर पेपर पसरून ठेवला होतास. 'बघ वाकून,' म्हणालास. मी साडी सावरत वाकले आणि खाली खरंच तो डबा होता, घासूनपुसून लख्ख केलेला. मी विश्वास बसावा म्हणून बोट लावलं तर चटका बसला. तू वरून म्हणालास, 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. झालं समाधान?' झालं होतं. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ऑफिसात मी चार जणांना सांगितलं की भावाने ओवाळणीत काय दिलं ते. लोक हसले, पण मला अभिमान वाटत होता. तुझं मन वळवणारी या जगात मी एकटीच आहे असं मला वाटलं.

त्यानंतर तू मला कुठेकुठे घेऊन गेलास. बदलापूरला काकांकडे, उल्हासनगरात पडद्याचं कापड घ्यायला, एकदा बारवी धरणाच्या रस्त्याला सहजच. आणि तू गाडी अशी हळू चालवायचास की मला नवल वाटायचं. पूर्वी कुणी ओव्हरटेक केलं की तू त्याच्या सात पिढ्या काढायचास. आता रिक्षा पुढे गेली तरी गप्प. एकदा तर भाजीचा टेम्पो पुढे गेला. तू स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालास, 'बघ, तुझ्या ओवाळणीने इज्जत घालवली माझी. मेलेली गाडी झालीय.' मी खिडकीबाहेर बघत हसत होते.

आता त्या दिवसाचं सांगते. गाडी मी घरी आणली तेव्हा पीयूसीची मुदत संपत आली होती. मी पेट्रोल पंपाजवळच्या केबिनवर गेले. त्या माणसाने मागच्या नळीत आपली नळी घातली, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, 'एकदम ओके, मॅडम. नव्या गाडीला लाजवेल.' तू गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, चला, माझ्या भावाने निदान एक गोष्ट सरळ केली आणि ती माझ्यासाठी केली. त्याच आनंदात मी तशीच गॅरेजवर गेले. हरेश एकटाच होता. तो मला अदी म्हणतो, सिंधीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, हे तुला सांगायला नको. मी त्याला कागद दाखवला आणि म्हटलं, 'बघ हरेश, पास. आणि तेही ओरिजिनल कॅटवर. कोटबिट काही नाही.'

हरेश फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, 'अदी, तुम्हाला नाही माहीत?'

'काय?'

'अंदर कुछ नहीं है. डबा रिकामा आहे. जाळी फोडून काढली त्याने, मग बाहेरून वेल्डिंग मारून पॉलिश केलं. सेन्सरला पण उल्लू बनवलाय, म्हणून समोर वॉर्निंगचा लाईट नाही येत. मी बोललो त्याला, यार, बहन को तो मत टोपी पहना. तो बोलला, ताई खूश आहे ना, बस.'

मी स्टुलावर बसले. भिंतीवर ते सगळे कोट टांगलेले होते.

पश्या, मला तुझा राग आला. हातात पेटलेलं निरांजन घेऊन मी उभी राहिले होते, आणि तू मला काय समजलास? पीयूसीवाला! वाकवलंस, चकचकीत डबा दाखवलास आणि पास करून घेतलंस. बाकीच्या जगाला तू फसवायचास तेव्हा मी भांडायचे, पण आतून मला कुठेतरी खात्री होती की मी त्या जगात नाही. मी जगातच निघाले. आणि ती म्हणही खोटी निघाली बघ. तू गेलास, खोड मात्र गाडीच्या पोटाखाली वेल्डिंग करून ठेवून गेलास.

मी हरेशवरच ओरडले. 'मग तो माझ्यासमोर एवढी हळू का चालवायचा? नाटक करायचा?'

हरेश म्हणाला, 'नाटकच, अदी. जोरात दाबली असती तर आवाजावरून तुम्हाला लगेच कळलं असतं. तुम्ही बसलात की तो पाय ठेवायचाच नाही. मला सांगून जायचा, ताईला घेऊन चाललोय, आज उपवास. परत यायचा तेव्हा दोन मिनिटं नुसता चिडलेला असायचा. एक टेम्पोवाला त्याला ओव्हरटेक करून गेला होता म्हणे, तो किस्सा त्याने मला महिनाभर ऐकवला.'

तो टेम्पो मला आठवला. कोबी भरलेला होता, मागच्या फळीला दोरी बांधलेली होती. तू तुझ्या त्या पायाला, ज्याला कुणाच्या मागे राहणं माहीत नव्हतं, मी शेजारी बसले असेपर्यंत आवरून धरत होतास. मला खोटी ओवाळणी दिलीस आणि मग मी गाडीत असेपर्यंत ती खरी भासावी म्हणून वर्षभर जिवाचा आटापिटा केलास. अरे, याच्यापेक्षा खरा डबा बसवणं सोपं होतं रे. एका दुपारचं काम होतं. पण तू असाच. सरळ वाटेने एक पाऊल टाकायचं नाही आणि आडवाटेने गावभर चालायचं.

याला मी काय म्हणू, मला कळत नाही. फसवणूक तर आहेच, ते मी सोडणार नाही. पण माझ्या समाधानासाठी दुसऱ्या कुणी इतका त्रास घेतल्याचं मला आठवत नाही. माझ्यासमोर तेवढी तुझी गाडी खरंच कमी धूर सोडत होती. म्हणजे जेवढा वेळ मी होते, तेवढा वेळ मला ओवाळणी मिळत होती. बाकीच्या वेळेची नाही मिळाली.

आणि एक गोष्ट मीही तुला कधी सांगितली नव्हती. भाषणं मी हवेबद्दल दिली, पण त्या भाऊबीजेला मला हवेचं काही पडलेलं नव्हतं. तू खोकत होतास आणि मला भीती वाटत होती. एक डबा परत बसवलास तर हळूहळू ते सगळंच सोडशील, शटर पूर्ण उघडशील, असा माझा भाबडा हिशोब होता. 'मला तुझी काळजी वाटते' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला लाज वाटली, म्हणून कायदा सांगितला. आपल्या घरात कुणी तसं बोलत नाही, बोलायचं झालं तर आपण तक्रारच करतो.

परवा सकाळी मी गाडी काढली. काटई रस्त्याला लागले. पुढे रस्ता मोकळा दिसला तेव्हा मी चप्पल काढून ठेवली आणि पाय दाबला. आईशप्पथ, पश्या! गाडी अशी उसळली की माझं डोकं मागे आपटलं. तो आवाज पोटातून यायला लागला, पुढचे दोन डंपर कधी मागे गेले कळलं नाही, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. एकटी. केस पिकलेली बाई, अनवाणी. मग घाबरून बाजूला घेतली, काच खाली केली, तर मागून तो उग्र वास आत आला, कच्च्या पेट्रोलचा, डोळ्यांना झोंबणारा. दर रविवारी तू जेवायला यायचास तेव्हा तुझ्या शर्टाला हाच असायचा. मी म्हणायचे, आधी हात धू. तिथे, डंपरच्या धुळीत, मी रडले. भरपूर रडले. तुझी वाट बघणं संपलं असेल तर बरं.

रडून झाल्यावर गाडी वळवली आणि हरेशकडे नेली. म्हटलं, खरा बसव. आणि कॉम्प्युटरचं सेटिंग कंपनीचं होतं तसं कर. हरेशने माझ्याकडे बघितलं. 'अदी, विचार करा. ही त्याच्या हातची शेवटची आहे. एकदा बदललं तर परत तसं मला नाही जमणार. त्याच्या डोक्यात होतं सगळं.'

पश्या, तिथे मी अडले. खरंच अडले. वर्षानुवर्षं ज्यासाठी भांडले ते आता नुसतं हो म्हणण्यापुरतं समोर होतं, आणि तू आडवा यायला नव्हतास. मनीषाला फोन केला. ती म्हणाली, 'तुम्ही काहीही करा, ताई. पण त्यांच्यासाठी म्हणून करू नका. ते तर नकोच म्हणाले असते.' हे मात्र तिने बरोबर ओळखलं होतं. तू नकोच म्हणाला असतास. मी हरेशला सांगितलं, बसव. ओवाळणी माझी आहे. ती दिल्याशिवाय तुला सुटू देणार नाही.

काम होईपर्यंत मी तिथेच थांबले. हरेशने जुना डबा खाली उतरवला, मी त्यात हात घालून बघितला, आतून गुळगुळीत घासलेला होता. फसवायचं कामसुद्धा तू नीट केलं होतंस. नवा, आतल्या जाळीसकट, बसला. या वेळी मी वाकून बघितलं नाही, बसवताना सगळं उभ्यानेच बघितलं.

आज सकाळी त्याच गाडीने आनंदनगरला चालले होते. आवाज नाही, वास नाही. एक रिक्षा बाजूने आली आणि पुढे जायला लागली. मी पाय दाबला. गाडीने जरा विचार केला, मग आजारी माणसासारखी थोडी पुढे सरकली. रिक्षावाला गेला निघून. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तुझं म्हणणं खरं होतं रे. जीव गेला तिच्यातला. हे मी तुझ्या तोंडावर कधीच कबूल केलं नसतं. पण तरीही बरोबर मीच होते, आणि उद्या तू समोर येऊन बसलास तरी मी ती परत तुझ्यासारखी करू देणार नाही. झालं माझं सांगून. आता तुझी पाळी आहे, पश्या. बोल. वरण गार होईपर्यंत बोल, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.